एकच राफ्ट, एकच माती. पाया किती खचेल? सॉफ्टवेअर एकदा ७ मिमी म्हणतं, एकदा २२. खरं काय?

कॉलम_सी७ | सोमवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे. आज गळ्याशी आलंय म्हणून पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

पुण्यात एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे नोकरीला आहे. काम आलंय अकोला जिल्ह्यातलं, सोयाबीन प्रक्रियेचा प्लँट. प्रोसेस बिल्डिंग १५ × ३० मीटर, चार मजली स्टील, वरच्या मजल्यांवर टाक्या आणि बिन. शेजारी १२ मीटर व्यासाचे, १८ मीटर उंच भरणारे दोन सायलो. पलीकडे गोडाऊनची शेड.

माती अशी: वरची ३ मीटर काळी. ३ ते ८ पिवळी घट्ट, चुनखडे असलेली, एन व्हॅल्यू (माती किती घट्ट ते सांगणारा आकडा) २० ते २५. ८ च्या खाली करडी, मऊसर चिकणमाती, एन ८ ते १०. १५ मीटरला बोअर (माती तपासायला घेतलेलं भोक) संपलं. रिपोर्टमध्ये ३.५ मीटर खोलीवर नेट एसबीसी (माती सुरक्षितपणे पेलेल तो दाब) १५ टन प्रति चौ.मी., सेटलमेंट (पायाचं खचणं) २५ मिमी धरून.

प्रोसेस बिल्डिंगला राफ्ट (सगळ्या कॉलमखाली मिळून एकच सलग काँक्रीटचा पाया) ठरवलाय. सगळं वजन धरून राफ्टखाली सरासरी १३ टन प्रति चौ.मी. येतंय. सॉफ्टवेअरला मातीचा के लागतो (सबग्रेड मॉड्युलस, म्हणजे दाब भागिले सेटलमेंट), तो रिपोर्टमध्ये नाही. मी पुस्तकातलं ४० वालं सूत्र लावलं: ४० × ३ (सेफ्टी फॅक्टर) × १५ = १८०० टन प्रति घनमीटर. सेटलमेंट आली ७ मिमी, सगळं हिरवं. मग सहज म्हणून १५ भागिले ०.०२५ केलं, के आला ६००, सेटलमेंट २२ मिमी. राफ्टच्या सळ्यासुद्धा बदलल्या.

साहेबांना विचारलं तर म्हणाले, "दोन्हीत पास होतंय ना? मग कशाला डोकं खातोस." ड्रॉइंग शुक्रवारी जायचंय. कुठला के खरा?

---

उगाच_एक | मंगळवार, सकाळी ७:१५

दोन्हीची सरासरी घे, १४.५ मिमी. साहेबही खूश, तूही खूश. ☺

---

निवृत्त_पाटबंधारे | मंगळवार, सकाळी ८:५०

उगाच_एक, विनोद म्हणून ठीक. पण मी अशी सरासरी काढून सही केलेली ड्रॉइंग्ज पाहिली आहेत.

सी७, प्रश्न चांगला विचारलात. उत्तर: दोन्ही खोटे. जरा बैजवार सांगतो.

विंकलर नावाच्या इंजिनिअरने १८६७ मध्ये माती म्हणजे सुट्या स्प्रिंगांची गादी, असं धरलं. प्रत्येक स्प्रिंग स्वतःपुरती दबते, शेजारणीचं तिला काही देणंघेणं नाही. गणित सोपं होतं म्हणून आपण अजून तेच वापरतो, आणि तुमचं सॉफ्टवेअरही आतून तेच करतं. माती अशी वागत नाही. एका जागी दाबली की आजूबाजूलाही खचते.

घरी बसून एक प्रयोग करा. कॉलम काढून टाका आणि राफ्टवर सगळीकडे सारखा भार ठेवा, के सगळीकडे सारखा. सॉफ्टवेअर म्हणेल, राफ्ट सपाट खाली गेला, मोमेंट (वाकवणारा जोर) शून्य. प्रत्यक्षात चिकणमातीवर असा राफ्ट बशीसारखा होतो, मध्ये जास्त बसतो, कडेला कमी. मग सळ्या कुठे लागतील सांगा बरं.

के हा मातीचा गुणधर्म नव्हे. तोच थर, तीच माती, पण ३० सेमीच्या प्लेटखाली के वेगळा, २ मीटरच्या फूटिंगखाली (एका कॉलमच्या सुट्या पायाखाली) वेगळा, १५ मीटरच्या राफ्टखाली आणखी वेगळा. मृदायांत्रिकीचा जनक टेरझागी, त्याने १९५५ मध्येच हे लिहून ठेवलंय. चिकणमातीत रुंदी वाढेल तसा के त्या प्रमाणात उतरतो.

आता तुमचं ४० वालं सूत्र. हे बोल्सच्या पुस्तकातलं. त्यातले ४० कुठून आले माहीत आहे का? १ भागिले ०.०२५, म्हणजे एक इंच. सूत्राचा अर्थ इतकाच की माती तिच्या अल्टिमेट क्षमतेला, म्हणजे ढासळण्याच्या दाबाला, पोचते तेव्हा एक इंच बसलेली असते. तीनने गुणून तुम्ही सेफवरून अल्टिमेटवर गेलात. पण तुमचे १५ टन तर मुळात सेटलमेंटमुळे ठरलेले! त्यांना तीनने गुणायचं म्हणजे ४५ टनाला २५ मिमी, असं तुम्ही सॉफ्टवेअरला सांगितलंत. रिपोर्ट तर म्हणतोय १५ टनाला २५.

---

कॉलम_सी७ | मंगळवार, सकाळी ९:३०

काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. मग ६०० वाला तरी बरोबर ना? तो थेट रिपोर्टमधूनच काढलाय.

---

बोअरवाली | मंगळवार, दुपारी १:०५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, म्हणून थेट मुद्द्यावर. मी मातीच्या लॅबमध्ये काम करते. असे रिपोर्ट रोज हाताखालून जातात.

रिपोर्टमधले १५ टन कुठल्या मापाच्या फूटिंगसाठी आहेत ते पाहिलंस का? पैज लावते, खाली बारीक अक्षरात २ × २ मीटर असेल. आणि मागच्या परिशिष्टात कन्सॉलिडेशन टेस्टची (दाबाखाली माती किती दबते त्या चाचणीची) पानं असतील, ती कुणी उघडत नाही. एमव्ही (दर एकक दाबाला माती किती दबते तो आकडा) दिले असतील तर टाक इथे.

---

कॉलम_सी७ | मंगळवार, दुपारी १:४०

ताई, पैज जिंकलात. २ × २ मीटरच आहे. एमव्ही: पिवळ्या मातीचा ०.००८, करड्या मातीचा ०.०२ चौ.सेमी प्रति किलो.

---

बोअरवाली | मंगळवार, रात्री ९:२०

आता कागद-पेन घे, सॉफ्टवेअर बंद कर.

खोदाईने ३.५ मीटर माती काढतोस. घनमीटरला १.८ टनाने धरली तर ६.३ टन. म्हणजे मातीवर नव्याने पडणारा दाब १३ उणे ६.३ = ६.७ टन. हा नेट. नेट-ग्रॉसचा घोळ इथेच मिटवून टाक.

२ उभा १ आडवा, या साध्या पसरणीने (दोन मीटर खाली गेलं की दाब प्रत्येक बाजूला अर्धा-अर्धा मिळून दोन मीटर जास्त रुंदीवर पसरतो):

पिवळी माती, राफ्टखाली ० ते ४.५ मीटर. थराच्या मध्यावर, २.२५ मीटरला, दाब उरतो ६.७ × ४५० (राफ्टचं क्षेत्रफळ) ÷ (१७.२५ × ३२.२५) = ५.४ टन, म्हणजे ०.५४ किलो प्रति चौ.सेमी. बसणार ०.००८ × ०.५४ × ४५० (थराची जाडी, सेमीत) = साधारण १.९५ सेमी.

करडी माती, ४.५ ते ११.५ मीटर. मध्य ८ मीटरला. ६.७ × ४५० ÷ (२३ × ३८) = ३.४५ टन. बसणार ०.०२ × ०.३४५ × ७०० = ४.८ सेमी.

एकूण ६८ मिमी. तुझ्या ७ च्या जवळजवळ दहापट, २२ च्या तिप्पट.

आता हेच गणित रिपोर्टमधल्या २ × २ फूटिंगला १५ टन लावून करून बघ (थर पातळ कापून, कारण लहान फूटिंगखाली दाब झपाट्याने उतरतो). पिवळ्यात १६-१७ मिमी येतात, करड्यात ९-१०. बेरीज २५-२६. म्हणजे लॅबने चूक काहीच केलेली नाही! लहान फूटिंगचा दाब वरच्या घट्ट थरातच बराचसा विरतो. तुझा राफ्ट १५ मीटर रुंद आहे. त्याचा दाब खालच्या मऊ मातीपर्यंत पुरता पोचतो. निम्म्याहून कमी दाब लावलास तरी अडीचपट बसतो.

सॉफ्टवेअरला के द्यायचाच असेल तर उलट्या बाजूने यायचं. आधी सेटलमेंट हाताने काढ, मग दाब भागिले सेटलमेंट. १३ ÷ ०.०६८ = साधारण १९० टन प्रति घनमीटर. १८०० कुठे, १९० कुठे. आणि तोही सगळीकडे सारखा नको. कडेच्या पट्टीला मधल्यापेक्षा दुप्पटीच्या आसपास ठेवलास की काका म्हणतात ती बशी थोडीफार दिसायला लागते.

---

लेव्हलट्यूब | मंगळवार, रात्री १०:०२

बोअरवाली ताईंना दंडवत. हा प्रतिसाद छापून टेबलाच्या काचेखाली ठेवतोय.

---

वऱ्हाडी_ठेकेदार | मंगळवार, रात्री ११:३०

भाऊ, तुमी सारे पुन्यातून हिशोब करून रायले, बरं हाय. मी या पट्ट्यातच कामं करतो, दोन गोष्टी सांगतो.

पूर्णेच्या खोऱ्यातली माती हाय ही, गाळाची. खाली दगड लागते म्हून वाट पाहसान तर पाहतच रायसान. तुमच्या चाकणले मुरूम लागला, खडक लागला, झालं काम. इथं तसं नाई.

दुसरं, हा खारपाणपट्टा हाय. हिरीचं पानी तोंडात घेऊन पाहा. त्या पान्यानं काँक्रीट कालवू नका आन क्युरिंगबी करू नका, टँकर लावा. माया डोळ्यासमोर एका गोडाऊनचे पेडेस्टल सात-आठ वर्षांत फुटून सळी बाहेर आली व्हती. पान्याचा क्लोराईड-सल्फेटचा रिपोर्ट मागून घ्या.

आन खड्ड्यातली काळी माती परत खड्ड्यात लोटू नका, हात जोडतो. इंजिनेर ड्रॉइंगात मुरूम दाखवते, जेसीबीवाला जे बाजूले पडलं तेच लोटते. उन्हाळ्यात तिले हात जाईन एवढ्या भेगा पडते आन पहिल्या पान्यात फुगून फ्लोअर उचलून धरते.

---

निवृत्त_पाटबंधारे | बुधवार, सकाळी ८:३०

ठेकेदारसाहेबांच्या प्रतिसादाला माझ्याकडून शंभर गुण. सी७, सल्फेट किती निघतं त्यावर सिमेंट कुठलं, किती आणि पाण्याचं प्रमाण काय, हे आयएस ४५६ च्या (काँक्रीटच्या भारतीय कोडच्या) तक्त्यात आहे. तिथून घ्या. अंदाजाने नको.

काल रात्री एक गोष्ट खटकली. बोअर १५ मीटरला का थांबलं? आयएस १८९२ (माती तपासणीचा कोड) पायाच्या तळाखाली निदान रुंदीच्या दीडपट खोल जायला सांगतं. तुमचा राफ्ट १५ मीटर रुंद, म्हणजे तळाखाली २२.५, जमिनीपासून २६ मीटर. तुमची करडी माती १५ मीटरला संपली नाही, बोअर संपलं. खाली आणखी किती आहे हे कागदावर कुठेच नाही. म्हणजे बाईंचे ६८ मिमीसुद्धा जेवढं दिसलं तेवढ्यापुरतेच.

सायलोचं नाव निघालंय म्हणून कॅनडातला एक जुना किस्सा सांगतो. विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे धान्याचा मोठा एलिव्हेटर बांधला. ६५ गोल कोठ्या, खाली काँक्रीटचा राफ्ट. सप्टेंबर १९१३ मध्ये पहिल्यांदा भरायला घेतला. ऑक्टोबरमध्ये एका तासात फूटभर खचला, मग हळूहळू एका अंगाला कलत गेला आणि दिवसभरात उभ्यापासून २७ अंशांवर जाऊन टेकला. कोठ्या मात्र बहुतांशी शाबूत! नंतर खालून खडकापर्यंत पिलर घालून तो सरळ केला. बांधण्याआधी प्लेट टेस्ट झाली होती. पण प्लेट लहान, तिला वरचा घट्ट थरच कळला. खाली मऊ चिकणमाती होती, तिच्यापर्यंत प्लेटचा दाब गेलाच नाही. तुमच्या २ × २ फूटिंगची गोष्ट वेगळी आहे का काही?

आणि सायलोचा हिशोब करा. सोयाबीन घनमीटरला पाऊण टन. १८ मीटर भरलं की १३.५ टन प्रति चौ.मी. नुसत्या दाण्याचे. तेही असं की हंगामात आठवड्या-दोन आठवड्यांत पूर्ण चढणार आणि उन्हाळ्यात पूर्ण उतरणार. दोनपैकी एक भरलेला, एक रिकामा, ही केस तुमच्या लोड कॉम्बिनेशनमध्ये आहे का?

---

कॉलम_सी७ | बुधवार, सकाळी ९:१०

नाही काका. दोन्ही भरलेले आणि दोन्ही रिकामे, एवढंच होतं. 😐

---

शेडवाला | बुधवार, सकाळी ११:४५

पीईबीवाला (कारखान्यात तयार होणाऱ्या स्टील शेडवाला) आहे, राफ्टमध्ये पडत नाही. पण सी७, गोडाऊनच्या शेडचे फूटिंगही तूच करणार असशील तर एक सांगून ठेवतो. आमच्याकडे वजन कमी आणि वाऱ्याचा मोमेंट जास्त. ऑफिसमध्ये कुणीतरी दहा वर्षांपूर्वी केलेली एक्सेल शीट असतेच. तिच्यात दाब पी/ए गुणिले (१ + ६ई/बी) असा काढलेला असतो (पी म्हणजे भार, ए क्षेत्रफळ, बी रुंदी, ई म्हणजे मोमेंट भागिले भार).

३ × ३ फूटिंग, माती आणि फूटिंगचं वजन धरून ६० टन, मोमेंट ५४ टन-मीटर. ई = ०.९ मीटर. शीट म्हणते कमाल १८.७ टन. एसबीसी १५, वाऱ्याला २५ टक्के वाढवून १८.७५. पास! पण त्याच शीटमध्ये पलीकडच्या कडेला उणे ५.३ येतात, ते कुणी बघत नाही. माती काय फूटिंगला ओढून धरणार आहे? ई बी/६ च्या, म्हणजे अर्ध्या मीटरच्या पुढे गेला की एक बाजू उचलली जाते. इथे ३ पैकी १.८ मीटरच जमिनीला टेकलेलं राहतं आणि कमाल दाब येतो २ × ६० ÷ (३ × ३ × ०.६) = २२.२ टन. फेल.

इथे सॉफ्टवेअर बरोबर आहे हं, ते टेकलेला भाग शोधून काढतं. चुकते ती आपली शीट. सगळा दोष बिचाऱ्या सॉफ्टवेअरवर नको.

---

मस्कतकर | बुधवार, दुपारी ३:२०

शेडवाल्यांशी सहमत. माझा अनुभव: स्टॅड आणि सेफ ही दोन सॉफ्टवेअर; स्टॅडमध्ये वर जाणारा अक्ष वाय, सेफमध्ये झेड. पूर्वी एका ठिकाणी रिॲक्शन एक्सेलमधून उचलून दुसरीकडे टाकताना आमच्या टीमकडून दोन मोमेंटची अदलाबदल झाली. आयताकृती फूटिंगची लांब बाजू नको त्या दिशेला गेली. मॉडेल हिरवंगार. पकडलं कुणी? साइटवरच्या फोरमनने. "साहेब, क्रेन या बाजूने धावणार आणि पाया त्या बाजूने लांब, असं कसं?" तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. एका कॉलमला एकच आडवा भार एका दिशेने लावायचा आणि पायाचा कुठला कोपरा दबतो ते डोळ्यांनी बघायचं. पाच मिनिटं लागतात.

---

उगाच_एक | बुधवार, दुपारी ४:००

मी सरासरीवाला प्रतिसाद मागे घेतो. पण एक शंका, खरंच विचारतोय. आयएस १९०४ (पायांचा कोड) मध्ये चिकणमातीवरच्या राफ्टला १०० मिमीपर्यंत चालतं म्हणतात ना? मग ६८ मध्ये बसतंय की. एवढा गोंधळ कशाला?

---

बोअरवाली | बुधवार, रात्री ९:४५

शंका रास्त आहे. अख्खी बिल्डिंग ६८ मिमी सारखी खाली गेली तर स्टीलच्या फ्रेमला कळणारसुद्धा नाही. पण ही बिल्डिंग एकटी उभी नाही. सायलोतून कन्व्हेयर येणार, एलिव्हेटर उभे राहणार, वाफेचे आणि सॉल्व्हंटचे पाइप एका पायावरून दुसऱ्यावर जाणार. एक इकडे ६८ बसला, सायलो भरल्यावर तिकडे आणखी काही बसला, शेडचे फूटिंग २५, तर ओढाताण होते ती सांध्यांची. सॉल्व्हंटच्या पाइपची फ्लँज गळायला लागली तर ते दुरुस्तीपुरतं उरत नाही, आगीचं प्रकरण होतं. त्यात सायलो राफ्टला इतका लागून, की त्याचा दाबही खालच्या करड्या मातीत बिल्डिंगच्या दाबात मिसळणार. कलणार ती त्या बाजूला.

शिवाय हे आज होत नाही. चिकणमातीतलं पाणी निघायला महिने-वर्षं लागतात. बिल तोपर्यंत पास झालेलं असतं.

---

कॉलम_सी७ | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

ड्रॉइंग गेलं नाही. ताईंचं गणित एका पानावर स्वच्छ लिहून साहेबांपुढे ठेवलं. आधी चिडले, मग स्वतः पेन घेऊन करून पाहिलं, उत्तर ६६ आलं. पाच मिनिटं गप्प होते. मग क्लायंटला फोन लावून म्हणाले, "दोन बोअर आणखी घ्यावे लागतील, ३० मीटरपर्यंत." पलीकडून काय आलं ते मी ऐकलं नाही, पण साहेबांनी फोन कानापासून लांब धरला होता.

कळवतो.

---

कॉलम_सी७ | साधारण महिन्याने, रविवार, दुपारी १२:१०

धागा वर काढतोय. बोअर झाले. मी स्वतः गेलो होतो साइटवर, दोन दिवस ड्रिलिंग मशीनपाशी बसून होतो. करडी माती १८ मीटरपर्यंत गेली. त्याखाली घट्ट वाळू, बारीक खडीसकट, एन ४० च्या वर, ३० पर्यंत तीच. नमुन्याची नळी उघडली तेव्हा १२ मीटरवरची माती हातात घेतली. बोटाने दाबली की ठसा उठतो, साबणाच्या भिजलेल्या वडीसारखा. हे मी 'सबग्रेड १८००' म्हणून टाईप केलं होतं.

वाढीव ३ मीटरचे १५ मिमी, म्हणजे ६८ चे ८३ झाले. पाणी खारट निघालं, सल्फेटही आहे. ठेकेदारभाऊ म्हणाले तसंच.

ठरलेलं असं: प्रोसेस बिल्डिंग आणि सायलो दोन्ही बोअर्ड पाइलवर (भोक पाडून त्यात ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांवर), वाळूत पुरेसे उतरवून. शेड साध्या फूटिंगवर, पण सायलोपासून लांब सरकवली. कन्व्हेयर गॅलरीला दोन्ही टोकांना सरकता सांधा. सायलो पहिल्यांदा टप्प्याटप्प्याने भरायचा आणि प्रत्येक टप्प्याला लेव्हल घ्यायची, हे ड्रॉइंगवर टीप म्हणून लिहिलंय. एक भरलेला, एक रिकामा, ही केसही घेतली, काका.

---

निवृत्त_पाटबंधारे | रविवार, दुपारी १:००

छान. एक राहिलं. आवारात भरणी किती करताय? पाइल बसल्यावर वर दीड-दोन मीटर मुरूम टाकलात तर करडी माती त्या वजनाने खाली जाईल आणि पाइलला धरून खाली ओढेल. तो भार पाइलच्या क्षमतेतून वजा करावा लागतो.

---

कॉलम_सी७ | रविवार, दुपारी १:२५

१.२ मीटर आहे. 🙈 उद्या सकाळी पहिलं तेच बघतो.

---

वऱ्हाडी_ठेकेदार | रविवार, रात्री १०:५०

भाऊ, पाइलची रिग कधी आनून रायले? रोहिणी निघाल्या की काळ्या मातीत ते धूड उतरवू नका. मागं एका साइटवर उभंच्या उभं रुतलं व्हतं, दोन पोकलेन लावून काढलं. रस्त्यावर आधी मुरूम टाका, दीड फूट तरी. आन आले की फोन करा, नंबर व्यनि करतो. जेवाले घरीच या.